साइटवरची माती, मुरूम आणि पावसाचं पाणी: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसात साइटवरची माती वाहून जाऊ नये म्हणून काय करायचं, याचे हे प्रश्न मे महिना सरत आला की येऊ लागतात. काही घर बांधणाऱ्या मालकांचे असतात, काही मुकादमांचे आणि एक-दोन रागावलेल्या शेजाऱ्यांचे. जुळे सोलापूर, होटगी रोड, बाळे, शेळगी या भागांत साइटवर उभं राहून जे दिसलं आणि जे चुकलं, त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत.

सोलापुरात पाऊसच किती पडतो? मग एवढी उठाठेव कशाला?

जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे कोकणाच्या मानाने काहीच नाही. तो पडतो कसा, हे मात्र पाहायला हवं. जून-जुलैत भुरभुर होते, आभाळ येऊन नुसतं जातं, आणि एखाद्या संध्याकाळी तासाभरात सगळं उरकतं. मेमधला वळीव असाच असतो. सप्टेंबर हा आपल्याकडचा सर्वांत जास्त पावसाचा महिना, त्यात हत्ती नक्षत्राचा पाऊस सोंडेने ओततो असं म्हणायची पद्धत उगाच पडलेली नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तेलंगण ओलांडून थेट आपल्या डोक्यावर आला, तेव्हा जिल्ह्याने काय पाहिलं ते सगळ्यांना आठवत असेल.

दुसरी गोष्ट जमिनीची. कोकणात पाऊस जास्त, पण जमीन हिरवी असते. आपल्याकडे मेअखेर माळ उघडाबोडका, वरून जेसीबीने खरवडलेला. अशा जमिनीवर थेंब आपटला की ढेकूळ फुटतं, बारीक कण वर येतात, पृष्ठभाग लिंपल्यासारखा बंद होतो आणि पाणी मुरायचं सोडून पळू लागतं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. दहा गुंठ्यांचा प्लॉट साधारण 1,012 चौरस मीटरचा, त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर. दहा हजारी टँकर पाच! त्यातलं निम्मं जरी वाहिलं तरी अडीच टँकर पाणी तुमच्या प्लॉटवरची माती घेऊन कुणाच्या तरी दारात उतरणार.

माती वाहून गेली तर नुकसान कुणाचं? माती ती मातीच.

आधी तुमचंच. मुरूम ब्रासने विकत घेतलेला असतो. पण मला याची अक्कल वेगळ्या रीतीने आली.

काही वर्षांपूर्वी जुळे सोलापुरातल्या एका साइटवर मी जोत्याच्या भरावासाठी दोन हायवा (मोठे डंपर) मुरूम रस्त्याच्या कडेला उतरवून घेतला. मे महिना होता, पाऊस कुठला येतोय, असं म्हणून ताडपत्रीही टाकली नाही. त्याच आठवड्यात वळीव आला. पाणी ढिगाऱ्याला वळसा घालून शेजारच्या बोळात शिरलं आणि त्यांच्या जमिनीखालच्या हौदाच्या झाकणाच्या फटीतून आत गेलं. सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, हौद म्हणजे घरातली तिजोरी. त्या काकू काही बोलल्या नाहीत, नुसता एक तांब्या भरून माझ्यासमोर ठेवला. लाल पाणी. हौद उपसून, धुऊन टँकरने भरून दिला, पण त्या तांब्याची लाज अजून गेलेली नाही.

हे झालं दाराजवळचं. पुढे ती माती गटारीत बसते, गटार तुंबते, मैलापाणी रस्त्यावर येतं. जी तिथे बसत नाही ती ओढ्या-नाल्यांतून सीनेकडे जाते आणि सीना हत्तरसंग कुडलजवळ भीमेला मिळते. वाटेत तळं लागलं तर तळ्यात बसते. गाळाने तळं उथळ होतं, मातीला चिकटून आलेलं खत-सांडपाणी शेवाळाला आणि जलपर्णीला खायला घालतं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात भक्तांच्या श्रमातून तळं खोदून घेतलं, असं आपण अभिमानाने सांगतो. त्यात गाळ घालायलाही माणसंच लागतात.

मुरूम वाहतो तसाच काळी मातीही वाहते ना? दोन्हींना एकच उपाय चालेल?

नाही. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि बाकी सगळी उत्तरं याच्यावर उभी आहेत.

मुरमाचे आणि रेतीचे कण जड असतात. एक दशांश मिलिमीटरचा कण मीटरभर खोल साचलेल्या स्थिर पाण्यात दोन मिनिटांत तळाला जातो. म्हणून खड्डा करा, पाणी थोडं थांबवा, मुरूम बसतो. काळ्या मातीतल्या चिकणमातीचा कण दोन मायक्रॉन किंवा त्याहून लहान, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याइतका. त्याला तेवढंच मीटरभर खाली जायला तीन दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. सोलापुरातल्या कुठल्या साइटवर पाणी तीन दिवस न हलता राहतं?

थोडक्यात, काळी माती एकदा पाण्यात गेली की ती परत हाताला लागत नाही. जाळी, पोती, खड्डा यांनी मुरूम अडेल, चहासारखं काळसर पाणी मात्र खुशाल पलीकडे जाईल. म्हणून आपल्या भागात पैसे आणि मजुरी खर्च करायची ती माती जागची हलू नये यासाठी. अडवण्याची साधनं ही दुसरी फळी.

मग सुरुवात कुठून करायची?

जेसीबीवाल्याला बोलावण्याआधी. तो ताशी पैसे घेतो, आणि मालकालाही वाटतं की आलाच आहे तर सगळा प्लॉट साफ करून घेऊ. इथेच चुकतं. जिथे पाया घ्यायचाय तेवढंच खरवडा. प्लॉटच्या उताराकडच्या बाजूला तीन-चार मीटरचा पट्टा गवत-झुडपांसकट तसाच ठेवा. फुकटची गाळणी आहे ती, आणि कुठल्याही विकतच्या कापडापेक्षा चांगलं काम करते. वरचा वीतभर काळ्या मातीचा थर वेगळा काढून एका कोपऱ्यात झाकून ठेवला तर नंतर बागेसाठी माती विकत आणावी लागत नाही.

आणि एकदा पाऊस पडताना साइटवर छत्री घेऊन उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठून बाहेर पडतं, हे दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच नकाशात कळत नाही.

उघडी पडलेली जमीन झाकायची तर कशाने? ताडपत्री किती आणणार?

ताडपत्री फक्त ढिगाऱ्यांसाठी. माती, मुरूम, क्रश सँड यांचे ढीग गटारीपासून आणि रस्त्यापासून लांब ठेवा, कडेने विटांची किंवा भरलेल्या पोत्यांची एक ओळ लावा, वरून ताडपत्री टाकून दगड ठेवा. ताडपत्री वाऱ्याने उडते म्हणून कुणी टाकत नाही. दोरीने आवळली तर नाही उडत.

पसरट जमिनीला पाचट घाला. आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट शेतकरी पेटवून देतात, ट्रॉलीभर उचलायला कुणी नाही म्हणत नाही. तीन-चार बोटं जाडीचा थर पुरे. थेंब पाचटावर आपटतो, माती वाचते. पाचट सुकं आहे तोवर बिडी-काडीपासून सांभाळावं लागतं, मजुरांना तसं सांगून ठेवा. (कडबा वापरू नका. तो जनावरांचा घास आहे, आणि भाव ऐकलात तर ताडपत्री स्वस्त वाटेल.)

काम दिवाळीपर्यंत थांबणार असेल तर आणखी सोपं आहे. मृगाचा पाऊस झाला की हुलगा किंवा मटकी दाट फेकून द्या. दोन्ही कमी पाण्यावर येतात, जमिनीलगत पसरतात, महिना-दीड महिन्यात माती झाकतात. एका डॉक्टरांच्या प्लॉटवर आम्ही हुलगा टाकला होता, नंतर त्यांच्या आईने तो काढून वर्षाची बेगमी केली. भरावाच्या तिरक्या बाजूंवर हरळीचे ठोंब नाहीतर वाळा लावा. वाळ्याच्या मुळ्या खोल सरळ जातात, बांध धरून ठेवतात.

वरच्या बाजूचं पाणी आमच्या प्लॉटमधून जातं. त्याचं काय?

ते पाणी आत येऊच देऊ नका. वरच्या हद्दीवर फूटभर खोल चर काढा, निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी दाबून टाका आणि चराचं तोंड नैसर्गिक ओघळीकडे फिरवा. शेताला बांधबंदिस्ती करतात तसंच. बाहेरचं स्वच्छ पाणी बाहेरूनच गेलं तर तुम्हाला फक्त तुमच्या प्लॉटवर पडलेल्या पावसाची काळजी उरते. चराला उतार जास्त असेल तर मध्ये मध्ये दगडांचे छोटे बंधारे घाला, मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवून, नाहीतर पाणी कडेने कुरतडत नवीन वाट काढतं. वरच्या बंधाऱ्याचा पाया आणि खालच्या बंधाऱ्याचा माथा एका पातळीत आला पाहिजे, त्यावरून अंतर ठरवायचं.

पाणी दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये वळवू नका, हे सांगायला लागू नये. पण लागतं.

हिरवी शेडनेट चारी बाजूंनी बांधली की झालं ना?

शेडनेट धुळीसाठी आहे. पाण्याबरोबर येणारी माती तिच्या खालून निवांत निघून जाते, कारण ती जमिनीपासून वर लोंबत असते.

माती अडवायचं कुंपण वेगळं असतं. त्याला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कृत्रिम धाग्याचं कापड लागतं. उताराच्या खालच्या बाजूला, समपातळीत, वीतभर खोल नाली काढून कापडाची खालची कड त्यात पुरायची आणि माती दाबायची. दोन-दोन मीटरवर खुंट्या, आणि खुंट्या पाण्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे पाण्याच्या दाबाने कापड खुंटीवर रेलतं. दोन्ही टोकं वर वळवायची, नाहीतर पाणी कडेने पळतं. साधारण दहा गुंठ्यांच्या पाण्याला तीस मीटर कुंपण हा ठोकताळा आहे. हे फक्त पसरून येणाऱ्या पाण्यासाठी चालतं. ओघळीत लावलंत तर पहिल्याच पावसात आडवं होईल. मागे साचलेला गाळ कुंपणाच्या एक तृतीयांश उंचीला आला की काढून टाका.

कापड मिळालं नाही तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वीस एमएमची खडी भरून ओळ लावा. खडीतून पाणी झिरपतं. वाळू भरलेली पोती नुसता बंधारा होतात, पाणी वरून उडी मारतं.

डंपरच्या चाकांबरोबर सगळा चिखल रस्त्यावर येतो. रोज पाण्याने धुतो, चालेल?

धुतलेलं पाणी कुठे गेलं? गटारीत. म्हणजे काम झालं नाही, फक्त जागा बदलली.

गेटच्या आत मोठ्या दगडांची सोलिंग करा, वीतभर जाड, गाडीच्या पूर्ण रुंदीची. मोठ्या साइटवर पंधरा मीटर लांब ठेवायची पद्धत आहे, घराच्या प्लॉटवर जेवढी बसेल तेवढी, पण चाकाचे दोन-तीन पूर्ण फेरे दगडांवर झाले पाहिजेत. काळी माती टायरला चिकटते ती मुरमाने निघत नाही, उलट मुरूमही सोबत येतो. दगडच हवा. तरी रस्त्यावर आलं तर फावड्याने खरडून, झाडून आत टाका. पहिल्या शिडकाव्याला त्याच चिखलावरून दुचाक्या घसरतात, हे विजापूर रोडवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पायाच्या खड्ड्यात पाणी साचलंय, उद्या फुटिंगचं काँक्रीट आहे. मोटर लावून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू का?

नाही. चेंबरमध्ये गाळ बसला की तुंबणारी पहिली लाइन तुमच्याच गल्लीची असते. फूटव्हॉल्व्ह (पाणी खेचणाऱ्या पाइपचं तोंड) तळाला टाकू नका. एका ड्रमला भोकं पाडून, बाहेरून जाळी आणि खडी लावून, त्यात पाइप सोडा, म्हणजे वरचं त्यातल्या त्यात निवळ पाणी येतं. ते प्लॉटच्या त्या गवताच्या पट्ट्यावर पसरून सोडा, नाहीतर रिकाम्या टाकीत भरा.

काळं पाणी निवळत नसेल तर तुरटी. आजी रांजणात फिरवायची तीच. तुरटी बारीक कणांना एकमेकांना चिकटवते, त्यांचे गोळे होतात आणि खाली बसतात. आधी एका बादलीत करून पाहा. दहा हजार लिटरला अर्ध्या किलोपासून सुरुवात करून बघायला हरकत नाही. ओंजळीने ओतू नका, जास्त तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं. निवळलेलं पाणी क्युरिंगला, म्हणजे काँक्रीटवर मारायला, किंवा धूळ बसवायला वापरा. टँकरच्या गावात पाणी फेकून देणं तसंही परवडत नाही.

मिक्सर, घमेली, थाप्या धुतलेलं पाणी तर नुसतं सिमेंटचं असतं. त्यात काय वाईट?

त्याचा पीएच बाराच्या वर जातो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असतं. मजुरांच्या हातांना भेगा कशाने पडतात, ते आठवा. असं पाणी तळ्यात गेलं तर माशांचे कल्ले जळतात, आणि गटारीत गेलं तर सिमेंट तिथेच घट्ट होतं, मग ते छिन्नीनेच काढायचं. आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) ट्रान्झिट मिक्सर चालक काम संपलं की शूट, म्हणजे काँक्रीट ओतायची पन्हळ, धुतो, बहुतेक वेळा रस्त्याकडेला. त्याला आधीच जागा दाखवून ठेवा. प्लॉटमध्ये एक खड्डा, आत जाड प्लॅस्टिकचा कागद, तीन बाजूंनी विटा, वर पाटी. पाणी उडून गेलं की घट्ट झालेला गोळा फोडून राडारोड्यात. टाइल-ग्रॅनाइट कापताना येणारा पांढरा चिखल, पुट्टी आणि रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी, सगळं त्याच खड्ड्यात.

सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायचं जळकं ऑइल मात्र त्यात नको. ते डब्यात, झाकण लावून, छपराखाली.

रेनवॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा आधीच तयार आहे. बांधकाम चालू असताना पाणी त्यात सोडलं तर?

एका पावसात खड्डा मेला समजा. चिकणमाती खडी-वाळूच्या थरांच्या फटी बुजवते, आणि बोअरला जोडलेला असेल तर बोअरच्या भेगांत जाऊन बसते. शोषखड्ड्याचं तोंड प्लास्टर-रंग होऊन, आवारात फरशी किंवा गवत येईपर्यंत बंद ठेवा. पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटना राज्याच्या विकास नियमावलीप्रमाणे ही सोय सक्तीची आहे, त्यामुळे लोक ती पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी घाईने करतात आणि मग गाळाने भरून टाकतात.

गटारीच्या जाळीवर प्लॅस्टिक अंथरून ठेवलं तर माती आत जाणार नाही ना?

पाणीही जाणार नाही, आणि रस्ता तळं होईल. जाळीभोवती खडीची पोती अर्धगोल लावा, पाऊस संपला की उचला.

खोदलेली माती खड्ड्याच्या काठावरच ठेवली तर भरायला सोपी पडते.

पडते, माणसांवरही. काठापासून किमान दीड मीटर लांब ठेवा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाचं पाणी त्या भेगांतून उतरतं आणि उभी कड फळी सरकावी तशी सुटते. दीड मीटरपेक्षा खोल चरात उतार किंवा टेकू दिल्याशिवाय कुणाला उतरवू नका.

कायदा काय म्हणतो? घर बांधणाऱ्यालाही लागू होतो का?

1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 24 नाला, विहीर, गटार यांत प्रदूषक पदार्थ जाऊ देण्याला मनाई करतं, आणि त्यात प्लॉट लहान की मोठा असा भेद नाही. वीस हजार चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. मंजुरीच्या अटी फाइलमध्ये न ठेवता मुकादमाच्या हातात द्या. राडारोड्यासाठी 2016 चे नियम होते, 1 एप्रिल 2026 पासून त्यांची जागा नवीन नियमांनी घेतली आहे. रोडा ओढ्यात टाकणं दोन्हींत बसत नाही. माती-मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा असेल तर गौण खनिजाचा विषय येतो, आधी तहसीलला विचारून घ्या.

आमचा भाचा अमेरिकेत साइट इंजिनिअर आहे. तो म्हणतो तिकडे पावसाचाही परवाना लागतो. खरं का?

खरं आहे. तिथे एक एकर, म्हणजे आपले चाळीस गुंठे, किंवा जास्त जमीन उघडी करायची तर पावसाच्या पाण्याबरोबर काय बाहेर जाणार याचा परवाना घ्यावा लागतो. आराखडा लिहायचा, सात दिवसांनी पाहणी करायची, किंवा चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की चोवीस तासांत. चौदा दिवस किंवा जास्त काम थांबणार असेल तर जमीन लगेच झाकायला घ्यायची. आपल्याकडे असा स्वतंत्र परवाना नाही. पण पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर. एवढा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी साइटभोवती एक चक्कर मारायची सवय मी त्यांच्याकडून उचलली आहे. कुठलं पोतं सरकलं, कुठे ओघळ पडली, ते तेव्हाच दिसतं. दुपारपर्यंत मजूर त्यावरून चालून सगळं सारखं करून टाकतात.

शेजारच्या साइटचा चिखल आमच्या दारात येतो. भांडण नको, पण करायचं काय?

मालकाला फोन करण्याआधी मुकादमाला गाठा. मालक पुण्यात असतो, फावडं मुकादमाच्या हातात असतं. पाऊस चालू असतानाच फोटो काढा, ज्यात त्यांचा ढीग आणि तुमचा उंबरा एकाच चौकटीत येईल. नंतर काढलेल्या फोटोत नुसता चिखल दिसतो, आणि चिखलावर कुणाचं नाव नसतं. दोनदा सांगून ऐकलं नाही तर तोच फोटो जोडून महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर हौदाच्या झाकणाभोवती चार बोटं उंच सिमेंटची कड करून घ्या. आमच्या त्या काकूंनी ती करून घेतली. बिल मला पाठवलं, मी मुकाट्याने भरलं.